पौर्णिमेच्या संध्याकाळची गोळी

संघमित्रा बोरीवलीहून आली ती चाकांची मोठी बॅग घेऊन, आणि उंबरठा ओलांडताना तिनं ती दोन बोटांनी उचलली. सोनूबाईंनी स्वयंपाकघरातून ते पाहिलं. मुलगी राहायला आली असती तर बॅग जड असती. रिकामी बॅग माणूस भरून न्यायला आणतं.

"जय भीम, आई. कसं वाटतंय आता?"

"मला काय झालंय? बस. पंखा वाढव."

"काय झालंय म्हणे! मंगळवारी विहारात पडलीस आणि आज भाकऱ्या थापत उभी आहेस."

"पडले नाही. बसलेली होते, ती कलंडले."

सोनूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. पुढचं बोलणं जेवताना होणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे पती कुंडलिकराव गेल्यापासून या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट रविवारी, जेवणावर आणि धाकटे दीर रतनभाऊंच्या समोर ठरत आली होती. मुलाचं, सम्यकचं लग्न तसंच ठरलं, चाळ सोडून कांजूरमार्गच्या या सातव्या मजल्यावर येणंही तसंच. आज सम्यकनं काकाला आणि बहिणीला बोलावलं होतं ते सोनूबाईंचं काय करायचं हे ठरवायला. सोनूबाईंना विचारायचं मात्र कोणाच्या मनात नव्हतं.

बुधवारपासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. दाराजवळच्या खिळ्यावरची त्यांची चावी सम्यकनं काढून स्वतःच्या खिशात ठेवली होती. दार ओढलं की लॅच लागायचं. चावीशिवाय बाहेर जाणं म्हणजे सून लॅबमधून परत येईपर्यंत जिन्यात बसणं. सकाळी सहाला त्यांचे पाय सवयीनं दाराशी जात आणि तिथंच थांबत.

पाच महिन्यांची सवय होती ती. एप्रिलमधल्या रिपोर्टात तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी नऊ पॉइंट चार टक्के आली होती, हवी सातच्या आत. डॉक्टर म्हणाले होते, खाणं आणि चालणं सुधारा, नाहीतर औषधं वाढवावी लागतील. पुष्कळ लोक हे ऐकतात आणि घरी येऊन चहात साखर टाकतात. सोनूबाईंनी टाकली नाही, कारण त्यांनी कुंडलिकरावांचा पाय पाहिला होता. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथचा लोखंडी कीस त्यांच्या बुटात गेला आणि दिवसभर ते त्याच्यावर उभे राहिले. संध्याकाळी मोजा लाल निघाला तेव्हा कळलं, आणि तेव्हाही दुखलं नाही. न दुखणं हाच तर आजार होता. आधी बोट गेलं, मग गुडघ्याखालचा पाय, आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी माणूसच गेला.

म्हणून सोनूबाई रोज सकाळी खाटेवर बसून हातआरशात स्वतःचे तळवे बघत. मग बूट घालून खाली. स्टेशनचा पूल एकदा चढायचा, एकदा उतरायचा, विहाराला वळसा घालून परत. चाळीस मिनिटं. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून आला की नाकाला पदर, पण पाय चालूच. दोन्ही जेवणांनंतर मजल्यावरच्या व्हरांड्यात पंधरा मिनिटं, मोबाइलवर वेळ लावून. जेवणाला ताट तीन खणांचं. घाटकोपरच्या बाजारातून त्यांनी ते स्वतः निवडून आणलं होतं. मोठ्या खणात भाजी, लहान दोन खणांपैकी एकात डाळ किंवा उसळ, दुसऱ्यात मावेल तेवढी भाकरी नाहीतर भात. खणाची भिंत ओलांडायची नाही. सम्यक त्याला पोलीस कॅन्टीनचं ताट म्हणायचा.

एकदा शुभानं, त्यांच्या सुनेनं, कुतूहल म्हणून मोजून पाहिलं होतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामावर होती, तिला आकड्यांची ओढ. एका रविवारी वाटीभर भात आधी आणि भाजी नंतर, तर दोन तासांनी साखर दोनशे बारा. पुढच्या रविवारी तेवढाच भात, पण आधी भाजी-डाळ, शेवटी भात आणि वर पंधरा मिनिटं चालणं, तर एकशे एकसष्ट. "भात तोच, आई! रांग बदलली फक्त," असं म्हणून शुभा एखादी चोरी पकडल्यासारखी हसली होती. ऑगस्टच्या रिपोर्टात सरासरी सहा पॉइंट नऊ आली. सोनूबाईंनी तो कागद कपाटात घड्या केलेल्या साड्यांच्या वर ठेवला. कपाट उघडलं की आधी तो दिसावा.

आणि मग मंगळवारची पौर्णिमा. विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चाललं होतं. साडेआठच्या सुमाराला सोनूबाईंना घाम सुटला, हात थरथरायला लागले, शेजारी बसलेल्या शेवंतीबाईंवर त्या विनाकारण खेकसल्या आणि तशाच एका अंगावर कलंडल्या. कोणी केळं पुढं केलं, तर शेवंतीबाई म्हणाल्या, "हिला शुगर आहे, गोड देऊ नका!" शुभा पाच मिनिटांत मशीन घेऊन धावत आली. सेहेचाळीस. तिनं पाण्यात साखर ढवळून घोट घोट पाजली आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं रात्रभर ठेवून घेतलं.

सेहेचाळीस हा आकडा घरात सगळ्यांच्या तोंडी होता. तो का आला, हे फक्त सोनूबाईंना माहीत होतं. आणि आणखी एका माणसाला.

तो माणूस बारा वाजता आला, हातात जिलबीचा पुडा घेऊन.

"जय भीम, वहिनी! काय घाबरवलंत हो."

"या भाऊ. जिलबी कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच. साखर कमी झाली ना? मग खा आता बिनधास्त."

रतनभाऊ कुंडलिकरावांचे धाकटे भाऊ, विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. आवाज असा की माइक बंद पडला तरी वंदना शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी. आज तो आवाज जरा खालीच होता. ते सोफ्यावर टेकले आणि सोनूबाईंकडे न बघता पंख्याकडे बघत राहिले.

पानं वाढली गेली. सोनूबाई आपलं खणांचं ताट घेऊन बसल्या. मोठ्या खणात गवार, एकात मटकी, एकात पाऊण भाकरी.

"बघा," सम्यक म्हणाला. "काका, बघा हे. आजारी माणसाचं जेवण आहे का हे? पाऊण भाकरी! वर रोज पूल चढते. त्रेसष्ट वर्षांची बाई. साखर सेहेचाळीसवर नाही जाणार तर काय होणार?"

"मी उपाशी नसते रे," सोनूबाई म्हणाल्या. "भाजी बघ किती आहे."

"गवार खाऊन कोणी जगतं का, आई?" संघमित्रा म्हणाली. "लहानपणी तूच सांगायचीस, गावाकडं ज्वारीच्या भाकरीला कंटाळलो म्हणून मुंबई धरली. आता परत तीच?"

"तेव्हा भाकरी होती आणि भाजी नव्हती. आता दोन्ही आहे. फरक आहे तो."

"ते राहू दे. मी आणि दादानं ठरवलंय. तू दोन-तीन महिने माझ्याकडं बोरीवलीला चल. लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे, मी दुपारी शाळेतून येते. नीट खा, आराम कर. चालायचं असलं तर संध्याकाळी माझ्याबरोबर सोसायटीतल्या सोसायटीत."

"आणि सकाळी?"

"सकाळी झोप की!"

"काका, तुम्ही सांगा तिला," सम्यक म्हणाला. "तुमचं ऐकेल."

रतनभाऊंनी जिलबीचा तुकडा मोडला. "चालणं जरा जास्तच झालं म्हणायचं," ते पुड्याकडे बघत म्हणाले. "वयाप्रमाणं... थोडं कमी केलेलं बरं."

सोनूबाईंचा घास हातातच राहिला. त्या दिराकडे बघत होत्या आणि दीर जिलबीकडे. भाऊ, तुम्हाला तर माहीत आहे, असं त्या नजरेत होतं. मंगळवारी सकाळी विहारात पहिल्या रांगेत कोण बसलं होतं?

मात्र बोलायचं कसं, हा पेच होता. गप्प राहावं तर चालणं जाणार, खणांचं ताट जाणार, आणि पाच महिने घासून कमावलेला सहा पॉइंट नऊचा कागद बोरीवलीच्या झोपेत विरघळणार. मग पुन्हा नऊ, मग जास्तीची औषधं, मग एक दिवस आरसा तळव्याखाली धरला की त्यात काय दिसेल कोण जाणे. आणि खरं सांगावं तर हीच पोरं उद्या म्हणणार, विहारानं आईला पाडलं. विहाराचं दार बंद. रतनभाऊ चार माणसांत खाली बघणार.

"आई," शुभा म्हणाली. ती इतका वेळ न बोलता वाढत होती. "एक विचारू? मंगळवारी संध्याकाळी तुम्ही किती वाजता जेवलात?"

"सांगितलं ना तेव्हाच. विहारात खाल्लं थोडं."

"काय खाल्लं?"

"शुभा, तपासणी नको आता," सम्यक म्हणाला.

"तपासणीच हवी. मला हा आकडा पटत नाहीये." शुभानं वाढायचा डाव खाली ठेवला. "सकाळी सहाला चालून आल्या त्यानं रात्री साडेआठला सेहेचाळीस? आणि रोज हेच खातात, हेच चालतात. सोमवारी रात्री मी स्वतः मोजली होती, एकशे अठरा. मग एका दिवसात वेगळं काय घडलं? काहीतरी वेगळं घडल्याशिवाय वेगळा आकडा येत नाही. आमच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट आला तर आम्ही पेशंटला फोन करून विचारतो."

बाहेर व्हरांड्यात शेजारच्यांचा कुकर शिट्टी देत होता.

चौथं शील, खोटं न बोलण्याचं, सोनूबाई रोज सकाळी म्हणत. मंगळवारी सकाळीही म्हटलं होतं, आणि मंगळवारी रात्रीच दवाखान्यात सुनेला सांगितलं होतं, 'खाल्लं थोडं.' रविवारपर्यंत ते वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं.

"काही खाल्लं नाही," त्या म्हणाल्या. "अष्टशील घेतलं होतं मी. दुपारी बारानंतर अन्न नाही. आणि साडेसातची गोळी रोजच्यासारखी घेतली. पाण्याबरोबर."

सम्यकच्या हातातली वाटी कलंडली. "काय?"

"ऐकलंस ते."

"आई, डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी सांगितलंय, जेवण चुकवायचं नाही! तू मला कबूल केलं होतंस की बंद केलं म्हणून!"

"हो."

"म्हणजे सहा वर्षं दर पौर्णिमेला तू मला खोटं सांगतेयस?"

"हो. खोटं सांगितलं."

"काहून पण?" सम्यकच्या तोंडून गावाकडचा शब्द निघाला, जो तो एरवी विसरलेला असायचा.

सोनूबाईंनी ताट बाजूला सरकवलं. "तुझे बाबा होते तोवर दिवसातून तीनदा चूल. ते गेले, तरी तीनदा चूल. तुझा डबा, हिचा डबा, पाहुणेरावळे. महिन्यातून एक दिवस असा, की बाराच्या आत भांडी घासली की संपलं. कोण काय खाणार, उरलं किती, पुरलं का, डोक्यात काही नाही. पांढरी साडी नेसून विहारात बसायचं. एक संध्याकाळ माझी. ती तुला कबूल करून देऊन टाकायची होती का मी?"

संघमित्रानं आईकडे बघितलं आणि मग स्वतःच्या हातातल्या पोळीकडे.

"बास," सम्यक उठला. "विहार बंद. काका, सॉरी, पण बंद. चालणं पण बंद, विहार पण बंद. हे कमिटीवाले लोक म्हाताऱ्या बायकांना उपाशी बसवतात आणि..."

"बसवलं मीच," रतनभाऊ म्हणाले.

आता त्यांचा आवाज नेहमीचा होता.

"मीच पुढं बसलो होतो. वहिनींनी सहावं शील म्हटलं, बारानंतर न जेवण्याचं, ते मी ऐकलं. त्यांना साखर आहे हे मला ठाऊक. गोळी आहे हे ठाऊक. त्या पडल्या तेव्हा कशानं पडल्या तेही मला तिथंच कळलं. आणि मी आल्यापासून चालण्यावर ढकलतोय. विहाराचं नाव निघेल म्हणून." त्यांनी जिलबीचा पुडा बंद केला. "आजारी माणसाला सूट आहे, वहिनी. आजची नाही, भगवंतांच्या काळापासूनची. आजारी भिक्खूला अवेळी मध, गूळ, तूप घेता येतं. दर वर्षावासात मी हे माइकवर सांगतो. भिक्खूंची गोष्ट म्हणून सांगतो आणि समोर बसलेल्यांकडं बघत नाही."

"मी आजारी नाही," सोनूबाई म्हणाल्या.

"नाहीच आहात," शुभा मधेच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भातवाल्या रविवारचा तो चोरी पकडल्याचा भाव होता. "थांबा सगळे. आई, सहा वर्षं दर पौर्णिमेला हेच करत होता ना? बारानंतर काही नाही आणि साडेसातला गोळी?"

"हो."

"मग आजवर एकदाही का नाही पडलात?"

शुभानं खाली ठेवलेला डाव पुन्हा उचलला.

"कारण तेव्हा तुमची साखर अडीचशे असायची," शुभानं डाव हवेत वर धरला. "ही रात्रीची गोळी साखर खाली ढकलते. पोट रिकामं असलं तरी अडीचशेवरून ढकलून ढकलून दीडशेवर येणार. तुम्हाला कळणारही नाही." तिनं डाव ताटाच्या काठापर्यंत खाली आणला. "आता तुम्ही मुळात एकशे वीसवर आहात. गोळी तेवढीच, धक्का तेवढाच, पोट रिकामं. ही गोळी एप्रिलमधल्या बाईला दिलेली आहे. ती बाई आता नाही. ऑगस्टचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला होता का आपण?"

सोनूबाई कपाटाकडे बघू लागल्या. "चांगला आला होता. म्हणून म्हटलं, कशाला जायचं."

"आणि मीही नेला नाही. मी! रोज रिपोर्ट हाताळणारी."

"म्हणजे चालण्यामुळंच झालं ना शेवटी?" सम्यक म्हणाला, पण आता तो भांडत नव्हता, विचारत होता.

"हो, चालण्यामुळं आणि त्या पोलीस कॅन्टीनच्या ताटामुळं. त्यांनी साखर उतरली म्हणून गोळी जास्त झाली, आणि त्यात उपास. मग कमी काय करायचं, सांगा. चालणं की गोळी? गोळीचं आपण नाही ठरवायचं, उद्या डॉक्टर ठरवतील. पण चालणं बंद करून साखर परत अडीचशे करायची आणि मग म्हणायचं, बघा, आता ती पडत नाही?"

रतनभाऊ हसले. संघमित्राही हसली, पण तिचे डोळे ओले होते. बाळंतपणात तिची स्वतःची साखर वाढली होती, हे या खोलीत तिच्याखेरीज फक्त आईला आठवत होतं.

"दादा," ती म्हणाली, "आई माझ्याकडं येऊन काय करेल? मी सकाळी झोपणार आणि हिलाही झोपवणार."

"तू पार्टी बदललीस होय गं?"

"बदलली. तुझ्याकडं काही आहे का बोलायला?"

सम्यक आईसमोर येऊन उभा राहिला. मग त्यानं खिशातून चावी काढली, पण मुठीत धरून ठेवली. "एकच सांग. परत असं करणार नाहीस हे कबूल कर."

सोनूबाईंनी हात पुढं केला नाही.

"मागं एकदा पटकन कबूल केलं आणि पाळलं नाही," त्या म्हणाल्या. "आता पाळता येईल तेवढंच कबूल करते. उद्या डॉक्टरकडं येते, दोन्ही रिपोर्ट घेऊन. गोळी कधीही रिकाम्या पोटी घेणार नाही. बटव्यात साखरेची पुडी आणि तुझा नंबर ठेवेन. आणि सकाळी सहाला चालायला जाणार. विहारातही जाणार. याच्यापुढं एक शब्द कबूल करणार नाही."

त्यानं चावी खिळ्यावर परत अडकवली. आईच्या हातात दिली नाही, एवढा राग त्याला ठेवायचा होता.

संध्याकाळी संघमित्रा निघाली तेव्हा बॅग दोन बोटांनी उचलेना. आत पाच किलो ज्वारीचं पीठ होतं. "पीठ मळायला गरम पाणी घे," सोनूबाई म्हणाल्या, "आणि आधी एकदा साखर तपासून घे. भाकरी नंतर."

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि रात्रीची ती गोळी बंद केली. दुसरी, जेवणाबरोबरची, चालू ठेवली. पुढच्या तीन आठवड्यांत साखर एकशे तीसच्या वर गेली नाही आणि नव्वदच्या खाली आली नाही. "पौर्णिमेचं काय?" सोनूबाईंनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, पौर्णिमेलाही माणूस तोच असतो, तीन वेळा जेवा.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपत होता. सकाळी पांढऱ्या साड्यांच्या रांगा बसल्या. भंतेजी एकेक शील सांगत आणि चाळीस-पन्नास गळे ते एकदम मागून म्हणत. सोनूबाईंनी पाच शीलं म्हटली. चौथं जरा मोठ्यानं म्हटलं. सहावं आलं, तेव्हा त्यांनी ओठ मिटले. आजूबाजूचे सगळे आवाज पुढं गेले आणि त्या मधोमध गप्प बसून राहिल्या. मान खाली घातली नाही. पुढच्या रांगेतल्या रतनभाऊंनी मागं वळून पाहिलं नाही, पण त्यांचा आवाज त्या एका ओळीपुरता अडखळला. सातवं आलं, आणि सोनूबाई पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणू लागल्या.

संध्याकाळी साडेसातला वाचनाच्या आधी त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि सगळ्यांसमोर उघडला. आत मेथीची भाजी होती आणि एक भाकरी. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली, कडेला करपलेली. दुपारी बारानंतर आईची चूल बंद, म्हणून सम्यकनं ती केली होती. यूट्यूब लावून, तीन वाया घालवून.

शेजारच्या शेवंतीबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग इकडंतिकडं पाहिलं. "सोनू, अगं, पौर्णिमा आहे."

"माहीत आहे. मी सहावं म्हटलं नाही सकाळी."

"म्हणूनच मला वाटलं, आवाज कमी आला." शेवंतीबाई जरा जवळ सरकल्या. मग त्यांनी कमरेचा बटवा उघडला. आत गोळ्यांची पट्टी होती. "माझीही हीच वेळ असते. मी नुसत्या पाण्यानं घेते दर पौर्णिमेला. एवढ्यात रात्री फार घाम येतो गं. मला वाटायचं, वय झालं."

सोनूबाईंनी तिच्या हातातली पट्टी धरली आणि आवाज दिला, "भाऊ!"

रतनभाऊ आले. त्यांनी पट्टी पाहिली, डबा पाहिला, शेवंतीबाईंचा चेहरा पाहिला. मग ते माइकपाशी गेले आणि या वेळी भिक्खूंची गोष्ट न सांगता समोर बसलेल्यांकडं बघून म्हणाले, "संध्याकाळी साखरेची गोळी कोणाकोणाला असते? हात वर करा. लाजायचं नाही. आजाऱ्याला सूट आहे, आणि ती मी आज इथून देतोय असं समजा."

आधी शेवंतीबाईंचा हात वर गेला. मग मागच्या रांगेतून दोन. मग एकेक करत.

सोनूबाईंनी हात मोजले. अकरा. त्यातला एक माइकपाशी उभ्या असलेल्या माणसाचा होता.

त्यांनी फोन लावला.

"सम्यक, अजून सहा टाक. अर्धी-अर्धी पुरेल. भाजी फ्रीजमध्ये आहे ती सगळी गरम कर." पलीकडून तो काहीतरी ओरडला. सोनूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "माझी चूल बंद आहे आज," त्या म्हणाल्या. "आणि जाड करू नकोस. आतून कच्ची राहते."